बाबांच्या करवंटीतलं प्रमाण

३ जुलै, मंगळवार

आज बाबांनी कावाची करवंटी अर्धी ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओठ पुसत म्हणाले, "मेरियम, बोरोगू जास्त झाला. पाय झोपले, कंबर मात्र जागीच आहे."

प्रमाण नेहमीचंच होतं – दोन भाग बोरोगू, एक भाग मेलोमेलो, दोन्ही कावाच्या गुंगी आणणाऱ्या मुळाच्याच जाती. गिऱ्हाइकांना हेच देते, कुणाची तक्रार नाही. बदललंय ते बाबांचं अंग. हाडात पसरलंय असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्यात. पण गोळी घेतली की बाबा भिंतीकडे बघत बसतात. परवा मला माझंच नाव विचारलं. तेव्हापासून गोळ्या बंद. "दुखलं तर दुखू दे, पण मी शुद्धीत हवा," म्हणाले.

म्हणजे आता सगळी भिस्त कावावर. माझ्यावर.

४ जुलै

मेलोमेलो वाढवून पाहिला. निम्मा-निम्मा. बाबा खूप बोलले, हसलेसुद्धा, पण कंबर धरून. बोरोगू अंग सैल करतो, मेलोमेलो डोकं हलकं करतो नि जीभ सोडतो. दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर कुठं थांबायचं?

हे शिकवलं त्यांनीच. पेंटेकोस्ट बेटावर आमच्या गावात बायकांनी कावाच्या मुळाला हात लावायचा नसतो. बाबा मला घरामागे, केळींच्या आड नेऊन चव द्यायचे. कुटलेलं मूळ पाण्यात कालवायचं, फडक्यातून पिळायचं, जिभेच्या टोकावर एक थेंब. हा कुठला? आणि यात कुठला मिसळलाय? माझ्या धाकट्या भावाला, सायलसला, कधी ओळखता यायचं नाही. मला यायचं. बाबा म्हणायचे, "जीभ पोरीची आणि नाव पोराचं, काय करू!"

इथं सांतो बेटावर, लुगानव्हिलमध्ये, बाई कावा विकते म्हणून कोणी विचारत नाही. माझ्या कावाच्या दुकानाच्या बाकड्यांवर पोलीस बसतात, पाद्रीसुद्धा बसतात. दिवेलागणीला कंदील लावला की येतात, पितात, गप्प बसतात, जातात.

७ जुलै, शनिवार

आज पुन्हा सायलसचं नाव काढलं. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

त्याआधी अकरा वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. त्या वर्षी आमच्या गावचा कावा परदेशी जायचा होता. बंदरावर पोती उघडली तर आमच्या घरच्या पोत्यांत दोनदिवशी कावाची मुळं निघाली. तो असला कावा की एकदा प्यायला तर माणूस दोन दिवस उठत नाही, वर उलट्या. कोणी विकत घेत नाही. सगळ्या गावाचा माल परत आला. पोती बंदरावर सायलसने नेली होती. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे. तो मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. बाबांनी गावाची क्षमा मागायला सुळेवाली दोन डुकरं दिली, चटया दिल्या. आणि सगळ्यांसमोर सायलसला म्हणाले, "यापुढे तुझ्या हातची करवंटी मी घेणार नाही."

तो ताना बेटावर गेला. तिथलीच बायको केली. आम्ही दोघं इकडे आलो, कारण बाबांना गावात मान वर करून चालवेना.

आज म्हणाले, "त्याला तीन मुलं आहेत ना? मोठीचं नाव काय?"

मला माहीत होतं. मी "माहीत नाही" म्हटलं.

९ जुलै

वेदना. दिवसभर. पाऊस नाही, वारा नाही, फक्त बाबांचं कण्हणं.

११ जुलै, बुधवार

बाबांचा जुना मित्र ताबिसल आला. दोघंही पेंटेकोस्टचे, दोघांचे दातही सारखेच पडलेले. त्याने पिशवीतून दोनदिवशीचं मूळ काढलं, त्याच्या कुंपणाला आपोआप उगवतं. म्हणाला, "औषध म्हणून आमचे आजे घ्यायचे. चिमूटभर घाल. आणि तुझ्या गिऱ्हाइकांना सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून इथं कोंबड्या बसतील."

मी नको म्हणत होते. बाबा म्हणाले, "घाल. या दुखण्याला तोच ओळखतो."

चिमूटभरच घातलं.

१२ जुलै

बाबा दुपारी उठले. रात्रभर एकदाही कण्हले नाहीत. पण उठल्यावर ओकले, आणि मग रडले. मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "एवढ्या थोड्या दिवसांतला एक दिवस झोपेत गेला," म्हणाले. पुन्हा ते मूळ करवंटीत नको, अशी माझ्याकडून शपथ घेतली. उरलेलं मी फडताळात टाकलं.

१४ जुलै, शनिवार

बाबांनी ताबिसलच्या फोनवरून स्वतः सायलसला फोन लावला. मी भांडी घासत होते. "ये," एवढंच म्हणाले. पलीकडून काय आलं कळलं नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच होता.

सायलस पुढच्या शनिवारी जहाजाने येतोय.

१७ जुलै

जमलं! तीन भाग मेलोमेलो, एक भाग बोरोगू, मुळं कोवळी नकोत, पाणी कमी, आणि दोन घोट पंधरा-पंधरा मिनिटांनी. एकदम पूर्ण करवंटी नाही. बाबा दीड तास ताठ बसले. कंबरेवरचा हात सुटला. आजीबद्दल बोलले, पहिल्या जहाजप्रवासाबद्दल बोलले. डोळे स्वच्छ होते.

मग म्हणाले, "शनिवारी हेच दे मला. अगदी हेच. मला सायलसला एकच गोष्ट विचारायचीय – पोती तू भरलीस का? त्या दिवशी मी विचारलंच नाही गं. सरळ निकाल दिला. आता तो जे सांगेल ते मी खरं मानणार."

मी पपई कापत होते. कापत राहिले.

१९ जुलै

झोप नाही. गिऱ्हाइकांना आज कावा पातळ गेला, दोघांनी बोलून दाखवलं.

बाबा खुशीत आहेत. दाढी करून घेतली. सायलसला लापलाप आवडायचं म्हणून सुरण आणायला लावलं, नारळाचं दूध आजच काढतेस का, असं मला तीनदा विचारून झालं. अकरा वर्षं मी रोज यांच्यासाठी लापलाप करते. मला काय आवडतं ते एकदा विचारलं असतं तर.

असं लिहायला नको होतं.

२१ जुलै, शनिवार

सायलस आला. केस पिकलेत. मला भेटायच्या आधी चटईपाशी गेला, बाबांच्या पायांशी बसला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "आधी पिऊ. मग बोलू. तुझ्या हातूनच दे."

करवंटी मी भरली. सायलसने दिली. बाबांनी दोन्ही हातांनी घेतली आणि एका दमात प्यायले. घोट-घोट प्या, असं मी म्हणणार होते, राहून गेलं.

दहा मिनिटांत मान कलली. सायलस हाका मारत होता, "बाबा, मी आहे, बोला ना." बाबा झोपले होते.

प्रमाण चुकलं. घाईत चुकलं.

सायलसने भांड्यातला उरलेला कावा करवंटीत घेतला, एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग दाराबाहेर जाऊन थुंकला. आत येऊन म्हणाला, "जड झालाय, ताई." दुसरं काही नाही. भांडं त्यानेच धुतलं.

२२ जुलै, रविवार

बाबा उठले नाहीत. नर्स येऊन गेली. नाडी बघितली, म्हणाली की वेळ जवळ आलीच होती, कशानेही असं होऊ शकतं. सायलसने विचारलं नाही कशाने. मीही नाही.

तो दिवसभर बाबांचे पाय चेपत बसला. त्याच्या मोठ्या मुलीचं नाव बाबांच्या कानात सांगितलं. माझ्या समोर. एलिनोर.

२३ जुलै, सोमवार

सकाळी सात वाजता गेले.

२४ जुलै

ताबिसलने लाल चटया आणल्या. पुरलं. पेंटेकोस्टला नेता आलं नाही.

२८ जुलै, शनिवार

पाचव्या दिवसाचं जेवण झालं. चाळीसेक माणसं. ताबिसल सगळ्यांना सांगत होता, की बाबांची जीभ या पोरीने उचलली, अख्ख्या सांतोत हिच्यासारखं मिश्रण कोणाला जमत नाही, शेवटचे दिवस हिने किती सुखाचे केले. बायकांनी माझे हात धरले. सायलस पाणी वाटत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी कंदील लावला नाही. गिऱ्हाइकं येऊन बाहेर उभी राहिली, गेली.

सायलसला विचारावंसं वाटतं, तुला राग येत नाही का? विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.

३१ जुलै, मंगळवार

सायलस आज गेला. धक्क्यावर म्हणाला, "मी तेव्हाही बोललो नाही, ताई. आताही नाही बोलणार. तू नीट जेवत जा."

अकरा वर्षांपूर्वी पोती मी भरली होती. दोन पोती कमी पडत होती, ती मी चोरून दोनदिवशीच्या मुळांनी भरली आणि मला वाटलं होतं, माझ्यासारखी जीभ कोणाची नाही, कोणाला कळणार? आणि शनिवारी प्रमाण चुकलं नव्हतं. फडताळातलं मूळ मी दुपारीच कुटून ठेवलं होतं.