गाणारा नसलेली कॅसेट

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून त्या कॅसेटपाशीच अडकले आहे. नव्वदच्या दशकात नगरच्या कॉलेजातून सुट्टीला श्रीगोंद्याला आले, तेव्हा मैत्रिणीकडून आणलेली ती जॅझची कॅसेट. पियानो, माणसाएवढं उभं तंतुवाद्य आणि ड्रम, बस. तुम्ही साखर कारखान्यातली पाळी संपवून आलेले, चहाची बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकताय. मोठ्या काकांच्या भीमगीतांच्या पार्टीत जन्मभर पेटीची साथ केलेला माणूस. गवई कधी तोंड उघडतो याची वाट बघताय. एक बाजू संपते.

"गानारा कुठं गेला गं?"

"गाणारा नाहीच, आप्पा. हे तिघंच स्टुडिओत बसून वाजवतात."

"मंग साथ कुनाला करत्यात?"

तुम्ही कॅसेट उलटी करून लावलीत. आई आतून म्हणाली, "च्या निवला की वो तुमचा," तरी हलला नाहीत.

मग जयंतीचा कार्यक्रम. कडवं संपवून काका पाणी प्यायला थांबले. अशा वेळी पेटीनं तीच चाल फिरवत राहायची आणि गवई आला की मागं सरायचं, ही तुमची रीत. त्या दिवशी तुम्ही मागं सरलाच नाहीत. चाल सोडून भलतीकडेच निघालात, ढोलकीवाला हसत हसत तुमच्या मागं. काका माईक धरून उभे. लोक गोंधळले, मीही. शेवटी काका माईकवरच बोलले, "कार्यक्रम गान्याचा हाय, पेटीचा न्हाई." तुम्ही भाता बंद केलात. त्यानंतर पार्टीत पुन्हा गेला नाहीत, आणि का ते कधी बोलला नाहीत.

रागावला होतात? लाजला होतात? की एकदा तसं वाजवल्यावर साथीला बसणं जड गेलं? कॅसेट मी आणली होती, म्हणून विचारते. तुमच्या हातची पेटी मी काढून घेतली की तुम्हाला वाजवायला दिली, एवढंच कुणीतरी सांगावं. आता मोबाईलवर तोच अल्बम लावते. कधी बरं वाटतं, कधी नुसतं डोकं उठतं. काका थकलेत. तुमचा विषय निघाला की म्हणतात, "लई गुनाचा साथीदार हुता," आणि मी आतल्या आत चडफडते. हे त्यांना वाचून दाखवायची सोय नाही आणि तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. काका माईक धरून उभे होते ना, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मनात म्हणत होते, आता यांनी परत गाऊ नये.