सहा शब्द माझे, सहा मामीचे

प्रिय भाचीबाई,

वयाने तू चिरंजीव, पण पाकिटाच्या विद्येत आमची गुरू. तेव्हा आशीर्वाद देऊ की नमस्कार करू, या विचारात सकाळपासून पेन धरून बसलो आहे. मधे जरा डोळाही लागला. शेवटी दोन्ही पाठवतो, लागेल ते ठेवून घे. तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? त्या बुटक्या टेबलाशी वाकून काम करू नकोस, पाठ धरते (हे मामा म्हणून नाही, गाद्यांच्या कारखान्यातला जुना माणूस म्हणून सांगतो). आमचं इकडे ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. मधे काय काय झालं ते ऐकायला जरा ऐसपैस बस.

गेल्या खेपेला तू मामीला विचारलंस, तुला काय हवं, आणि ती म्हणाली, काही नको गं, एकदा वरून बघायचंय. तिची अख्खी नोकरी नकाशांच्या कचेरीत गेली. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वर पातळ कागद, आणि त्यावर शाईने नद्या-रस्ते गिरवायचे. आपलं गाव तिने पाखराला दिसतं तसं काढलं, आणि स्वतः मात्र गच्चीच्या वर कधी गेली नाही. तळ्याचा काठ तिने माणसाच्या कानासारखा गिरवला होता. तो खरंच तसा आहे का, ही रुखरुख तिला अजून आहे. आणि तळ्यापलीकडच्या मैदानात दरवर्षी काही दिवस तो गरम हवेचा भलामोठा फुगा येतो, माणसं टोपलीत घालून वर नेतो. फुगेवाला महिन्यागणिक देश बदलतो, म्हणून कुठल्याच देशाचे पैसे घेत नाही, फक्त तुमची ती कॉम्प्युटरातली नाणी घेतो. तू म्हणालीस, मग तर सोपं आहे, आणि मामीच्या फोनमध्ये पाकीट उघडून त्यात नाणी टाकलीस. सोपं! ज्या पाकिटात नाणी दिसत नाहीत आणि जे खिशात मावत नाही, ते तुला सोपं वाटतं, यातच तुझं वय कळतं.

तू पाकिटाचे बारा शब्द वाचून दाखवलेस. फोन गेला तरी हे शब्द ओळीने घातले की पाकीट परत उघडतं, म्हणालीस. फोटो काढू नका, आणि काही झालं तरी कोणालाही सांगू नका, हे तू दोनदा बजावलंस. मामीचा कागदावर विश्वास नाही (माझ्या शर्टाच्या खिशातून धुण्यात गेलेले कागद तिनेच वाळवले आहेत), म्हणून पाठ करायचं ठरलं. बारा शब्द एका डोक्यात मावेनात, तेव्हा वाटणी केली. पहिला माझा, दुसरा तिचा, तिसरा माझा, असे शेवटपर्यंत. तू गेल्यावर आम्ही दोघांनी तुझी आज्ञा शब्दशः पाळली. कोणालाही सांगायचं नाही म्हणजे नाही. मी तिला नाही, तिने मला नाही. बायको ही "कोणीही"मध्ये धरायची की नाही, हे तू सांगितलं नव्हतंस.

पुढचं तुला दिसलंच असेल. फुगा आला. तिकीट काढायला जायच्या सकाळी मी मामीचा फोन छातीवर ठेवून, नाणी वर जातात की खाली ते बघत आरामखुर्चीत पडलो होतो. आयुष्यभर गाद्यांवर झोपून त्या बऱ्या की वाईट हे सांगायचा मी पगार घेतला, तेव्हा पडलो की झोपलो. फोन घसरला तो थेट फरशी पुसायच्या बादलीत. मामीने तो बाहेर काढला, पुसला, कानाला लावला. आतून नुसता बुडबुड्यांचा आवाज आला.

नवा फोन आणला. त्याने बारा शब्द मागितले. आता विधी कसा, तर मी पहिला शब्द टाइप करून, पडद्यावर रुमाल टाकून गॅलरीत जायचं. मग मामीने आत येऊन, नजर माझ्या शब्दावर न जाऊ देता, रुमालाच्या कडेने दुसरा टाकायचा आणि टाळी वाजवायची. टाळी वाजेपर्यंत मी कठड्याला टेकून डुलकी घ्यायचो, तोवर फोनही झोपायचा, की पुन्हा पहिल्यापासून. असं करत एकदाचे बाराही शब्द बसले, आणि फोनने लाल अक्षरांत सांगितलं की हे शब्द जुळत नाहीत. मी म्हणालो, तुझाच चुकला असेल. बस्स. नकाशाच्या कचेरीत जिची एक रेघ कधी चुकली नाही, तिला मी हे बोललो. हात दाखवून अवलक्षण!

त्या क्षणापासून अबोला. मामी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायची, "चहा झालाय." मी घड्याळाला म्हणायचो, "घेतो." तळ्यावर फुगा रोज वर चढायचा, आणि मामी खिडकीशी उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघायची. मला फार वाईट वाटायचं. पण आधी बोलायचं कोणी?

म्हणून मी बाहेरची मदत घेतली (इथे तू कपाळाला हात लावणार, आधीच लाव). इंटरनेटवर एका ठिकाणी लिहिलं, पाकीट उघडत नाही, कोणी मदत करेल का. लगेच एका सज्जनाचा फोन आला. मदत केंद्रातून बोलतो म्हणाला. काय तो गोड आवाज! "काका, फक्त बारा शब्द सांगा, लगेच उघडून देतो." मी माझे सहा सांगितले. बाकीचे? म्हटलं, ते हिच्याकडे आहेत आणि आमचं सध्या बोलणं नाही. तो म्हणाला, फोन त्यांच्याकडे द्या. मामी त्याला म्हणाली, यांच्या बाजूच्या माणसांशी मी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पुन्हा फोन. "काका, मोठेपणा घ्या, तुम्हीच माघार घ्या." पुढे तर त्याने मला फुलं न्यायला सांगितली, जुन्या आठवणी काढायला सांगितलं, स्वतःच्या बायकोच्या रुसव्याचं उदाहरणही दिलं. इतकी कळकळ आमच्या लग्नात मध्यस्थाने दाखवली नव्हती. अखेर तोच रडकुंडीला आला. "काका, तुमच्या घरातलं तुम्हीच मिटवा, मला दुसरीही कामं आहेत," म्हणाला, आणि फोन आपटला. तो भामटा होता हे मला नंतर पेपरवाल्याने समजावून सांगितलं. नवराबायकोच्या भांडणाने पैसे वाचल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

फुगा उद्या निघणार, अशी ती दुपार. मी नेहमीप्रमाणे लवंडलो. स्वप्नात एक शिडी होती, ढगांत गेलेली. जिथे पाय ठेवायचा त्या पायरीचं नाव घ्यायचं, की पायरी लाकडाची व्हायची. पण एकाआड एक पायरी मुळातच नव्हती. मी एक नाव घ्यायचो, पाऊल टाकायचो आणि अधांतरी थांबायचो. मग कुठूनतरी मामीचा आवाज पुढचं नाव घ्यायचा, आणि तिथे पायरी उगवायची. हवा मऊ होती. खाली तळं होतं. मी चढत गेलो, मी एक, ती एक, आणि मधेच कधीतरी लक्षात आलं की मी जागा आहे, डोळे मिटलेले आहेत, आणि मामी खरोखरच शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या शब्दापुढे तिचा शब्द लावते आहे. मी डोळे उघडले नाहीत. शेवटच्या पायरीपर्यंत तसाच चढलो.

डोळे उघडले तर ती घड्याळाकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होती. "सातवा कांदा," ती म्हणाली. "जागेपणी तुम्ही तिथे काय टाकत होतात?"

"स्वप्न," मी म्हणालो.

ती हसली. इतक्या दिवसांनी हसली, भाचीबाई, की मी पुन्हा झोपायचंच विसरलो.

पाकीट उघडलं. पण मधल्या काळात नाण्याचा भाव उतरला होता, आणि त्यात एकाच माणसाचं तिकीट बसत होतं. तू शिकवल्याप्रमाणे मी फुगेवाल्याचा तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन फोनला दाखवून आधी चिमूटभर पाठवून बघितलं (तो वैतागला), मग बाकीचं. मामी टोपलीत चढली. मी तळ्याच्या काठी गवतावर आडवा होऊन बघत राहिलो. फुगा काहीही आवाज न करता लहान होत गेला, आणि माझं काय झालं ते तू ओळखलं असशीलच. मला उठवून ती म्हणाली, काठ अगदी कानासारखाच आहे. फक्त त्या कानाशी एक माणूस झोपलेला दिसला, त्याची खूण नकाशात घालायची राहून गेली.

तुझा,
मामा

ता. क. माझे सहा शब्द (कांद्याच्या जागी स्वप्न धरून) त्या भामट्याकडे आहेत. पाकीट आता रिकामं आहे, तरी नवे शब्द घ्यायला तू सवडीने फोन कर.

ता. क. २. आणि हो, आणखी नाणी मुळीच पाठवू नकोस. मी वर जायचा प्रश्नच नाही. मी गादीचा माणूस, जमिनीपासून वीतभर उंचीवर जन्म काढलेला. मला उंचीची भीती वाटते.

ता. क. ३. बाळ, मी मामी. पाकिटाला गोंद लावता लावता हे झोपलेत, म्हणून लिहिते. यांचे सहाही शब्द मला पहिल्याच आठवड्यात कळले होते, रोज दुपारी झोपेत म्हणतात. पाकीट मी कधीही उघडू शकले असते. पण यांच्याशी न बोलता वर जायचं म्हणजे काय गंमत? म्हटलं, आधी हे बोलू देत. झोपेत बोलले, तेही मी धरलं. आता पुढच्या वर्षासाठी दोन तिकिटांपुरतं पाठव. यांना विचारू नकोस, नाहीच म्हणतील. फुगा गेल्यापासून रोज दुपारी डोळे मिटून पुटपुटतात, "अजून थोडं वर घ्या."