आईच्या मशीनसाठी इन्व्हर्टर

आबा, सांगलीच्या माझ्या घरात परवापरवापर्यंत दोन महिने जेवणाच्या टेबलावर गाडीची बॅटरी होती आणि आम्ही खाली बसून जेवत होतो. आईला तेच बरं वाटायचं. तुमच्यामागं तिला दम्यानं गाठलं. दिवसातून तीनदा वाफेचं मशीन लावावं लागतं आणि गावात लाईटचा भरवसा नाही, म्हणून मी तिला इकडं आणलं. वर्ष झालं. इथं तिला सगळं होतं, फक्त बोलायला कुणी नव्हतं. एकदा म्हणाली, “मला माज्या घरी सोड. हितं मी नुसती ठिवल्यावानी हाय.” मला राग आला, मग रडू आलं, आणि मग मी बॅटरी आणली. लाईट गेली तरी तिचं मशीन चालेल असा इन्व्हर्टर घरीच बनवायला घेतला. तयार मिळतो हे मलाही माहीत आहे. नवऱ्यानं तीनदा सांगितलं. पण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि वर तुमची मुलगी, तेव्हा ऐकणार कुणाचं?

बॅटरीचे नट आवळताना दरवेळी विट्याचं आपलं मोटर रिवायंडिंगचं दुकान डोळ्यापुढं यायचं. खंडेनवमी आहे. तुम्ही हत्यारं पुसून मांडली आहेत आणि मी, दोरा सापडेना म्हणून, जळक्या मोटरीतून काढलेल्या तांब्याच्या तारेत झेंडू ओवते आहे. माझी हौस दांडगी. हत्यारांना हार झाले, मग बॅटरीनं काय घोडं मारलंय, म्हणून तिलाही घातला. वरचा लेप जळून गेलेली ती उघडी तार बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकली, लालभडक झाली आणि झेंडूसकट तुटून पडली. माझी दोन बोटं भाजली. तुम्ही आधी माझा हात बादलीत बुडवला, मग बोललात, “देव हाय ती, पन आंधळा देव हाय. तिला तुजी भक्ती दिसत न्हाई. तार कुठनं कुठं जातीया ते आदी बघायचं, हात मागनं जोडायचं.” पंधरा दिवस दुकानात पाऊल टाकायला बंदी. मला वाटलं, मुलगी म्हणून आता कायमचीच. सोळाव्या दिवशी तुम्ही हाक मारलीत आणि एक नवा टेस्टर माझ्या हातात दिलात. तुम्ही गेलात त्या दिवसापेक्षा तो दिवस मला जास्त स्पष्ट आठवतो.

फळ्यावर इन्व्हर्टर काढणं सोपं असतं. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं वाहतो, त्याला सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं करायचं आणि ट्रान्सफॉर्मरमधून दोनशे तीस व्होल्टपर्यंत चढवायचं. मुलं लिहून घेतात. टेबलावर मात्र हे पुढं-मागं करणारे माझे पहिले दोन मॉस्फेट धूर काढून गेले. दुसऱ्या खेपेला बल्ब लागला, पण मशीन नुसतं गुरगुरलं. आई शेजारी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुजं आबा बॅटरीला जाड वायर घ्यायचं.” खरंच, माझ्या बारीक वायरीत सगळा जोर वाटेतच संपत होता. तुमचा डबा घेऊन दुकानात येणारी ही बाई इतकी वर्षं काय काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

जाड वायर टाकली, बॅटरीजवळच फ्यूज बसवला आणि मशीन चाललं. या रविवारी तिला घरी सोडलं. दुपारी निघाले, फाट्यावर चहाला थांबले, तर टपरीतला पंखा बंद पडला. आईची वाफ घ्यायची हीच वेळ. चहा तसाच ठेवून गाडी वळवली. अंगणात शिरले तर आतून मशीनचा आवाज येत होता. खिडकीतून पाहिलं. आई पलंगावर बसलेली, समोर शेजारच्या दोघी, आणि मास्क जरा बाजूला धरून ती त्यांना सांगत होती, “माज्या लेकीनं केलंया. आता कवाबी जाऊ दे लाईट.” मी आत गेले नाही. गाडीत बसून मनसोक्त रडले, आणि खूप बरं वाटलं.

आई तुमच्या फोटोशी रोज बोलते, म्हणून हे पत्र तिलाच तुम्हाला वाचून दाखवायला सांगायचं ठरवलं होतं. ते आता होणार नाही. कारण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या गाडीच्या डिकीत चादरीखाली एक विकतचा, कोरा इन्व्हर्टर होता. आदल्या दिवशीच घेतलेला. हे तिला कळलेलं मला नको आहे.