चंद्राच्या दगडावर नारळ

शनिवार, १७ जानेवारी. नांदेड.

किळस आलीय आज. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किनवटच्या सुनीताने, माझ्या विद्यार्थिनीने, प्लास्टरचा चंद्रावरचा दगड केला होता. सूर्याने पूर्वी कधी किती कण फेकले, त्याच्या खुणा अशा दगडाच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरांतच राहतात. तेवढाच थर तिने पिवळा रंगवला होता. उद्घाटनाला प्राचार्यांनी पाहुण्यांच्या हाती नारळ दिला, आणि त्यांनी तो त्या दगडावरच फोडला! पिवळ्या थराचा चुरा झाला.

"चंद्र लई कच्चा निघाला की!" पाहुणे म्हणाले. सगळे हसले. मीही. का हसले मी?

परीक्षक आले तेव्हा सुनीता माझ्याकडे वळली. "मॅडम, सूर्याचं सगळं वरच्याच थरात व्हतं. आता काय दाखवू?"

थर नारळाने उडालाय, एवढंच परीक्षकांना सांगायचं होतं. प्राचार्य शेजारीच उभे होते. माझ्या तोंडात प्रसादाचं खोबरं होतं. तोंड भरलंय अशी खूण करून मी बाजूला झाले. तिचा नंबर गेलाच.

खोबरं गोड होतं. तेही आठवतंय.