भावोजींच्या दुर्बिणीतला बगळा

तीर्थस्वरूप ताईला,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण गुडघे आडवे आले. उभ्यानेच स्वीकार.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "बरी आहे" एवढंच म्हणतेस आणि फोन ठेवतेस. भावोजी गेल्यापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळतं.

आम्ही समुद्रावर जाऊन आलो. तुझ्या भावजयीने होडी वल्हवली, लाटांत उड्या मारल्या (ह्या वयात!). मी मात्र पक्षी बघणाऱ्यांच्या घोळक्यात शिरलो, कारण तू "कपाटात जागा अडवते" म्हणून माझ्या गळ्यात घातलेली भावोजींची दुर्बीण खरोखरच माझ्या गळ्यात होती. घोळक्याच्या म्होरक्या एक निवृत्त मास्तरीणबाई, भलत्या शिस्तीच्या. "तो बघा, खडकावर, लाल चोचीचा," असं त्या कुजबुजल्या की सगळे "अहाहा" करायचे, म्हणून मीही करायचो. मला दिसत होतं ते सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. बाई म्हणाल्या, "अहो, मधलं चाक फिरवा." माझं बोट चाकावर गेलं आणि तिथेच थांबलं. ते चाक शेवटचं भावोजींनी फिरवलं होतं, त्यांच्या डोळ्यांना लागेल तसं. (चष्मा कपाळावर चढवून दुर्बीण लावायचे, मग तोच चष्मा घरभर शोधायचे आणि शेवटी तुझा लावून जेवायला बसायचे. नंबर एकच, त्यामुळे दोघांनाही पत्ता नसायचा.) मला काही ते चाक फिरववेना. फार आठवण आली त्यांची.

मग व्हायचं तेच झालं. पाण्याच्या कडेला पांढरंशुभ्र काहीतरी वाकून वाळूत टोचत होतं. इतक्या वेळात मला स्वतःहून काही सापडलं ते एवढंच, म्हणून शिस्तबिस्त विसरून मी ओरडलो, "अबब, केवढा जाडा बगळा!" सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पांढरी टोपी घालून तुझी भावजय शिंपले वेचत होती. आवाज तिच्यापर्यंत व्यवस्थित पोहोचला. खडकावरचे खरे पक्षी उडून गेले, बाईंनी मला घोळक्यातून काढलं आणि घोळक्यातच असलेल्या माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने सगळ्यांना सांगून टाकलं की यांचं चष्म्याचं दुकान आहे. जन्मभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि शेवटी ही शोभा! तुझी भावजय अजून माझ्याशी बोलत नाही, जे काय सांगायचं ते भिंतीला सांगते.

तुझा,
धाकटा

ता.क. दुर्बीण परत पाठवत नाही. टपालात आदळआपट होते, चाक हलेल.

आणखी ता.क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. आम्ही उतरलो होतो तीच समुद्रासमोरची खोली पुढच्या आठवड्यासाठी सांगून ठेवली आहे. भावजय तुझ्याजवळ झोपेल (माझ्याजवळ झोपायला ती तशीही तयार नाही). मी न्यायला येतो, नाही म्हणू नकोस. तुम्हा दोघांचे चष्मे मीच केलेत, तेव्हा भाऊ म्हणून नाही, दुकानदार म्हणून सांगतो. चाकाला कुणीही हात लावलेला नाही. तू फक्त चष्मा कपाळावर चढव आणि दुर्बीण डोळ्यांना लाव. तुला सगळं स्वच्छ दिसेल.