रिकाम्या चौकटीतली फुली

बाबा,

दादाने पाठवलेलं पार्सल सोमवारी पोचलं. तुमच्या दवाखान्याच्या तीन वह्या, या वर्षीचं पंचांग आणि वहिनीने केलेलं मेतकूट. ते मात्र इथल्या कस्टमवाल्यांनी काढून घेतलं. टपालखर्च नऊशे चाळीस रुपये, म्हणजे इथले अठरा-एकोणीस डॉलर. तेवढ्या पैशांत सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात आमची महिन्याची डाळ येते. पण वह्या तुमच्या नातीने मागवल्या होत्या, म्हणून काही बोलले नाही.

ती आता बॉटनी डाउन्सला फॅमिली डॉक्टर आहे. तिच्या हाताखाली दोन शिकाऊ डॉक्टर असतात. इथे प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागतात, म्हणून माणसं दुखणं अंगावर काढतात. हिने काही घरांपुरतं वेगळं सुरू केलंय, महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, मग कितीही वेळा या, फोन करा. ते कसं चालवायचं हे शिकाऊंना शिकवायचं, तर मला म्हणाली, "आई, आजोबा हेच करायचे ना? यू कम अँड टेल देम." मी म्हटलं, "अगं, मी मॅट्रिक. डॉक्टरांना काय शिकवणार, कपाळ?" तर म्हणे, "वही तूच लिहायचीस ना? मग झालं तर."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत गेले, शंकरपाळे घेऊन. एक गोरा मुलगा आणि एक माओरी मुलगी. मुलगी "किया ओरा, आँटी" म्हणत उठून उभी राहिली, बरं वाटलं. गोऱ्याने विचारलं, पैसे भरून माणूस आलाच नाही तर डॉक्टरचा फायदाच ना? मी तुमचंच बोलणं सांगितलं, "जो आला त्याने स्वतःची काळजी घेतली. जो आला नाही त्याची आपण घ्यायची." मग वही उघडून दाखवली. एका ओळीत एक घर, पुढे बारा महिन्यांच्या चौकटी, कोणी येऊन गेलं की फुली. दोन महिने चौकट रिकामी राहिली की रविवारी तुम्ही सायकल काढायचात. ती मुलगी हसून म्हणाली, "आमची आजी अशीच. जो आला नाही त्याच्या दारात हजर!"

तुमच्या नातीला मराठी वाचता येत नाही. पानं उलटताना एका ओळीवर बोट ठेवून तिने मला वाचायला सांगितलं. टेकडीपलीकडे एकट्या राहणाऱ्या मावशींची ओळ होती ती. आषाढ रिकामा, श्रावणात फुली, आणि भाद्रपदात तुमच्या अक्षरात, पायाची जखम चिघळून वारल्या. मी वाचलं. ती त्या दोघांना म्हणाली, "बघा, पेशंट समोर येऊन गेली, तरी माझ्या आजोबांच्या नजरेतून सुटलं. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही." दोघांनी लिहून घेतलं.

बाबा, मावशी श्रावणात आल्याच नव्हत्या.

त्या श्रावणात तुम्हाला हिवताप आहे. चार दिवस अंगात थंडी भरते आहे तरी दवाखान्यात बसताय, कोण आलं कोण गेलं याची शुद्ध नाही. शनिवारी दिवेलागणीला तुम्ही विचारता, "रिकामं कोण राहिलं गं?" टेकडीचा रस्ता सहा मैल, सगळा चढाचा. मी त्या चौकटीत फुली मारते आणि म्हणते, "कोणी नाही बाबा, सगळे येऊन गेले." "बरं झालं," म्हणून तुम्ही पांघरूण ओढून घेता. मग देवापुढे निरांजन लावताना आपण काही पुण्य केलं असं मला वाटलं होतं.

त्या गेल्याचं कळल्यावर तुम्ही वही घेऊन बसलात. "आल्या होत्या. मग मला पाय कसा दिसला नाही?" आई म्हणाली, "अहो, तापात होतात तुम्ही." तुम्ही म्हणालात, "तापात होतो तर बसायचं नव्हतं तिथे." त्यानंतर पायाचं काहीही आलं की तुम्ही तालुक्याला पाठवायचात. साधा काटा रुतलेल्यालासुद्धा. लोक हसायचे, डॉक्टरांना आता काटाही दिसेना म्हणायचे. मी तिथेच पुड्या बांधत बसलेली असायचे. आधी तुमच्या रागाला भ्यायले. मग वर्षं गेली, आणि मग तुम्हीच गेलात.

आता लेक म्हणते, हे पान शिकवायला फार चांगलं आहे, याच्या प्रती काढून दरवर्षी नव्यांना देईन. म्हणजे तुमची न झालेली चूक इथली पोरं दरवर्षी शिकणार. रोज पूजेला बसते, पण जप मध्येच तुटतो. सांगितलं तर तुमच्यावरचा बोल जाईल. पण तिच्या लेखी आईच्या हातची नोंद कधी खोटी नसते. फ्लॅट बुशच्या या मोठ्या घरात माझी तेवढीच पत आहे.

सांगू का तिला? येत्या गुरुवारच्या आत उलट टपाली दोन ओळी कळवा, रागावून लिहिल्यात तरी चालतील. तुमचं काही आलं नाही तर मी गप्पच बसेन, बाबा. मला माझं माहीत आहे.