घराकडं तोंड करून

३ जानेवारी, शुक्रवार
आले बाई एकदाची! लुनाय डोंगराचं शिखर, त्यावर मनोरा आणि मनोऱ्याच्या पायथ्याची खोली आता माझी. तिकिटं फाडायची, जिना झाडायचा, वरच्या दुर्बिणीची काच पुसायची. आधीचे रखवालदार संध्याकाळी गावात उतरायचे, मुक्कामाला राहणारी मीच पहिली. पायथ्याशी कॉफी विकणाऱ्या म्हाताऱ्या आपो इपांगनं मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, "इथं राहणार? अगं, इथं शेळीसुद्धा थांबत नाही." मी म्हटलं, शेळीला कुणी खोली दिली नसेल.
नवरा जहाजावर गेला तो गेलाच. तेव्हापासून माझी लेक टिनाय खाली सान रोके गावात माझ्या थोरल्या बहिणीकडं, मानांग देलियाकडं असते. सहा वर्षांची झाली. १९ तारखेच्या रविवारी मानांग तिला कायमची इकडं आणून सोडणार. दुर्बिणीला तिचा हात पुरायचा नाही, म्हणून मी आजच एक लाकडी खोकं वर नेऊन ठेवलं.

८ जानेवारी, बुधवार
धुक्यातही जीपा भरभरून येतात. वर कुणी चढत नाही. काळे कपडे, झोप न झालेले डोळे. कॉफी पितात, चपला झटकतात आणि निघतात. मयताच्या घरून थेट आपल्या घरी जायचं नाही, वाटेत कुठंतरी थांबायचं, म्हणजे मेलेला मागोमाग घरात शिरत नाही, हे काय मला ठाऊक नाही? आईनं लहानपणी असंच बेकरीत नेऊन पाव खायला घातलेला. पण सगळ्या खोऱ्याचा थांबा हा मनोराच आहे, ते आज कळलं. आपो इपांगला हसत विचारलं, मग तुझ्या दुकानात किती मेलेले जमलेत? ती हसली नाही. म्हणाली, "मी उजेडातच घरी जाते, पोरी. आणि जाताना चर्चमध्ये टेकते."

१२ जानेवारी, रविवार
दुर्बीण मी रोज सरळ करते. सकाळी ती फिरलेली असते. आज तिचं तोंड नदीकाठच्या वस्तीकडं होतं. काल त्याच वस्तीतल्या सुताराच्या मयताहून लोक आले होते.
वारा असेल. पण तिचा खिळा घट्ट आहे, मी स्वतः हलवून पाहिला.

१५ जानेवारी, बुधवार
दुपारी धुकं उतरलं. वर माणसं दिसली म्हणून बंद करायची वेळ झाली सांगायला चढले. कठड्याला लागून, खांद्याला खांदा. कुणी वळलं नाही. प्रत्येक जण आपापल्या गावाकडं तोंड करून उभा. नदीकाठच्या वस्तीकडं बघणाऱ्याच्या कानामागं सुताराची पेन्सिल.
माझे पाय कसे खाली आले, देव जाणे.
आपो म्हणते त्यांचा त्रास नाही, त्यांना फक्त घरी जायचं असतं. पण मला भीती वाटते. टिनायला इथं आणायचं नाही. रविवारी मीच खाली जाणार, नोकरी गेली खड्ड्यात.

१६ जानेवारी, गुरुवार
पाऊस. घाटात दरड कोसळली, रस्ता बंद. आपो आली नाही. फोन लागत नाही. मानांगला सांगायचंय, तिला आणू नकोस —
कठडा भरलाय. आता जिन्यातही उभे आहेत.

१८ जानेवारी, शनिवार
दार लावून बसलेय. सुका मासा आणि शिळा भात. उद्या रस्ता उघडो. आई मारिया, उद्या उघडू दे.

१९ जानेवारी, रविवार
रस्ता उघडला. पहिलीच जीप सान रोकेची. मी बोचकं घेऊन धावले.
मानांग उतरली. काळ्या कपड्यात. एकटीच. हातात टिनायच्या चपला.
ताप, म्हणाली. तीन दिवस. तुला फोन लावून लावून — शवपेटी घरात ठेवलीय, तुला न्यायला आले, चल —
पुढचं ऐकलंच नाही. वर खोकं सरकल्याचा आवाज आला. मी खोलीत पळाले, बाहेरचं दार लावून घेतलं, खिडकीतून वर पाहिलं.

बाकीचे सगळे बाहेर बघताहेत, आपापल्या घराकडं. ती एकटीच खाली बघतेय. माझ्याकडं.

मानांग दार ठोठावतेय. चल म्हणते, पोरीला माती द्यायचीय. कशी जाऊ? मी गेले तर ती कुठं बघणार —
ते जिन्यात बाजूला होताहेत. वाट देताहेत. अनवाणी पावलं, लहान —
जिन्याकडच्या दाराची कडी काढलीय. ये बाळ, ये, मी इथंच —